जुन्या अमेरिकन रेसिंग गाड्यांच्या रंगीत स्लाइड: स्कॅन आणि रंगदुरुस्ती कशी करावी

वॉटकिन्स ग्लेन, सेब्रिंग, रिव्हरसाइड इथल्या १९५०-६० च्या दशकांतल्या शर्यतींचे बरेच रंगीत फोटो ३५ मिमी स्लाइडवर आहेत. त्यांतली एखादी हाती आली, तर आधी माउंट, म्हणजे स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट, वाचा.

१. फिल्म ओळखा. कोडाक्रोम की एक्टाक्रोम (कोडॅकच्या दोन स्लाइड फिल्म) हे बहुधा पुठ्ठ्यावरच छापलेलं असतं. कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवल्यास दशकानुदशके टिकतात. त्या काळातल्या एक्टाक्रोममधलं सायन (निळसर-हिरवं) रंगद्रव्य मात्र उडतं आणि चित्र लालसर पडतं. माउंटवरचा महिना फिल्म धुतल्याचा असतो, शर्यतीचा नव्हे.

२. साफ करा. आधी हातपंपाचा ब्लोअर, मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रश. बोटांचे ठसे असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही धागे न सुटणाऱ्या कापडावर जेमतेम ओलसर. पाणी अजिबात नको: बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर चित्रही पुसलं जातं.

३. स्कॅन करा. ४००० डीपीआय (दर इंचाला ४००० बिंदू), प्रत्येक रंगाला १६ बिट, टिफ फाइल. एका फ्रेमची फाइल साधारण १२५ एमबीची होते. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई कोडाक्रोमसाठी बंद ठेवा. या फिल्मचा सायन थर इन्फ्रारेड अडवतो, त्यामुळे सॉफ्टवेअर चाकांच्या तारा आणि काळ्या कडा धूळ समजून खाऊन टाकतं. कॅमेऱ्याने टिपत असाल तर १:१ मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल आणि सीआरआय, म्हणजे रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक, ९५ च्या वर असलेला एलईडी दिवा. चकचकीत बाजू लेन्सकडे ठेवा, नाहीतर चित्र आरशासारखं उलटं येतं. गाडीच्या नंबरावरून ते कळतं, पण ८ आणि ११ फसवतात. अशा वेळी मागच्या जाहिरातींची अक्षरं पाहा. स्टिअरिंगच्या बाजूवर विसंबू नका. कॉर्व्हेट डावीकडची, पण अमेरिकन संघमालक ब्रिग्ज कनिंगहॅमच्या संघाने पळवलेली जॅग्वार डी-टाइप उजवीकडची.

४. रंग जुळवा. फोटो सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो कलर'चं बटण इथे नुकसानच करतं: गाडी निळी असली की ते सगळ्या चित्रातला निळा कमी करतं आणि रस्ता पिवळा पडतो. त्याऐवजी कर्व्ह्ज (रंग आणि उजेड बदलण्याचा आलेख) उघडा आणि लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलचा काळा आणि पांढरा बिंदू वेगळा लावा. पांढऱ्यासाठी नंबराचा उन्हातला गोल घ्या. कनिंगहॅमची निळे पट्टे असलेली गाडी किंवा जिम हॉल या अमेरिकन चालकाची पांढरी शॅपरल असेल तर अंगाचाच पांढरा चालतो, मात्र सावलीतला नको, कारण त्यात आकाशाचा निळा मिसळलेला असतो. मग डांबर राखाडी दिसतंय का ते तपासा. कोडाक्रोमचा स्कॅन बहुतेकदा निळसर येतो, म्हणून स्कॅनरमध्ये कोडाक्रोम प्रोफाइल असेल तर तेच निवडा. फारच लाल झालेल्या एक्टाक्रोममध्ये उडालेला रंग पूर्ण परत येत नाही. ओढाताण केली की सावल्यांत हिरवे डाग पडतात, तिथेच थांबावं.

५. साल पडताळा. गाडीच साक्ष देते. शेल्बी कोब्रा पहिल्यांदा ऑक्टोबर १९६२ मध्ये रिव्हरसाइडला धावली. शॅपरलवर खांबांवरचा उंच पंख १९६६ पासूनचा, म्हणजे पंखवाल्या शॅपरलच्या माउंटवर कुणी हाताने '१९६४' लिहिलं असेल तर ते चूक.

मूळ टिफ न बदलता ठेवा आणि दुरुस्ती प्रतीवरच करा. स्लाइड पीव्हीसीच्या नव्हे, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डबा हवाबंद आणि आत सिलिका जेल. आणि स्लाइड विकत घेतली म्हणून छायाचित्राचा कॉपीराइट आपला होत नाही, हे छापण्याआधी पाहा.