'दाना' म्हणजे दाणे नव्हेत: बर्लिनला नवीन आलेल्यांसाठी

बर्लिनला आल्यावर पहिले पंधरा दिवस ब्रेड-चीजवर निघतात आणि मग कोणीतरी सांगतं की अरे क्रॉइत्सबर्गला जा, तुर्की हॉटेलं आहेत, जिभेला जरा चव येईल. खरंय ते. १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून तिकडून कामगार आणले, त्यांची नातवंडं-पतवंडं आता इथलीच झालीत, तिथल्या कोटबुसर टोर स्टेशनला उतरलात की भाजलेल्या मटणाचा वासच रस्ता दाखवतो.

पण आत शिरायच्या आधी चार शब्द पाठ करा. तावुक म्हणजे चिकन, कुझु म्हणजे कोकराचं मटण, आणि दाना म्हणजे बीफ. मी नवीन असताना 'दाना' वाचून शेंगदाण्याचं काहीतरी असेल म्हणून खुशाल ऑर्डर देणार होतो, मित्राने ऐनवेळी अडवलं. डोनर, म्हणजे फिरत्या सळईवर भाजून कापलेलं मांस, तो पण बऱ्याच ठिकाणी काल्ब म्हणजे वासराचाच असतो, त्यामुळे चालत नसेल तर आधीच 'हेन्शेन' म्हणून चिकनचा मागा. कियमा म्हणजे आपला खिमाच, पण कशाचा ते विचारायचं, लाजायचं नाही, त्यांना सवय आहे.

शाकाहारी मंडळींनी 'एतसिझ' हा शब्द धरून ठेवा, बिनमटणाचं. सगळ्यात मोठा घोळ वांग्यांचा. इमाम बायल्दी आणि कार्नियारिक, दोन्ही भरली वांगीच, दिसायला सख्ख्या बहिणी, पण पहिल्यात कांदा-टोमॅटो आणि दुसऱ्यात खिमा. आई आली होती तेव्हा मी बोट दाखवून ऑर्डर दिली, तिने काट्याने वांगं उघडलं, बराच वेळ बघत बसली आणि मग प्लेट हळूच माझ्याकडे सरकवली, एक शब्द नाही. त्या दिवशी तिने ब्रेड आणि जाजिकवर भागवलं, जाजिक म्हणजे काकडीची कोशिंबीर समजा, लसूण घातलेली. मसूरडाळीचं सूप मस्त असतं, लिंबू पिळून, पण कधी कधी ते मटणाच्या पाण्यात शिजवतात आणि भात चिकनच्या, तेव्हा तेही विचारून घ्या.

आयरान म्हणजे खारं ताक. जिरं-आलं शोधू नका.

ब्रेड बहुतेक ठिकाणी फुकट, संपला की परत आणतात, पाणी मात्र विकत. खिशात रोख ठेवा, कार्ड न घेणारे अजून बरेच आहेत. टीप टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही, बिल साडेअठरा झालं तर पैसे देतानाच 'त्स्वान्त्सिश' म्हणायचं, म्हणजे वीस कापून घेतात.

शेवटी बऱ्याचदा चहा येतो, न मागता, हॉटेलकडून. दूध मागू नका, मी एकदा मागितलं होतं, वेटर काकांनी मी आजारी असल्यासारखं बघितलं. आणि त्या छोट्या ग्लासला कान नसतो, काठाला दोन बोटांनी धरा, मधे धरलात तर चटका बसतो.