एका मैदानावर १६ संघांची साखळी कशी बसवावी

पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस... कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. वरिष्ठ गटात १६ संघ आणि मैदान शाहू स्टेडियमचं एकच. अशी साखळी भरवायची तर आधी कागदावर हिशेब मांडावा. संघांच्या संख्येला तिच्याहून एकने कमी संख्येनं गुणायचं आणि निम्मं करायचं, म्हणजे सामन्यांचा आकडा मिळतो. १६ संघांचे १२० सामने होतात. रोज दोन धरले तरी ६० दिवस लागतात. बाद पद्धतीच्या स्पर्धा, परीक्षा आणि तोंडावर आलेला पाऊस यांत एवढे दिवस मिळणं अवघड. ८-८ चे दोन गट केले, तर प्रत्येकी २८ असे ५६ सामने २८ दिवसांत उरकतात. वरच्या गटातले शेवटचे दोन खाली, खालचे पहिले दोन वर, एवढा नियम जोडला की तळाच्या लढतींनाही धार येते.

आता जोड्या. आठ संघांना सर्वांसमोर चिठ्ठ्या काढून क्रमांक द्यावेत. वरच्या ओळीत १, २, ३, ४ आणि त्यांच्याखाली ८, ७, ६, ५ लिहावेत. समोरासमोरचे संघ पहिल्या फेरीत खेळतील. पुढच्या फेरीसाठी १ जागेवर ठेवून बाकीचे सगळे घड्याळाच्या दिशेनं एक घर सरकवायचे. वरची ओळ १, ८, २, ३ होते, खालची ७, ६, ५, ४. असं सात फेऱ्या केलं की प्रत्येक जण प्रत्येकाशी नेमका एकदा भिडतो. संघ सातच असतील तर आठव्या जागी ‘विश्रांती’ लिहावं. ज्याच्यासमोर ते येईल, त्याला त्या फेरीत सुट्टी.

वेळापत्रक बहुतेक वेळा फसतं ते पुढच्या पायरीवर. एका गटाची फेरी चार सामन्यांची, म्हणजे दोन दिवसांची. एकाच गटाच्या फेऱ्या लागोपाठ लावल्या, तर दुसऱ्या दिवशी खेळलेला संघ तिसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू शकतो. मग पोटऱ्या भरतात, दुखापती वाढतात, तक्रारी सुरू होतात. म्हणून दोन दिवस वरचा गट, दोन दिवस खालचा, असं आलटून पालटून लावावं. कोणालाही सलग दोन दिवसांची विश्रांती मिळतेच. कट्टर प्रतिस्पर्धी पेठांची गाठ ज्या फेरीत येईल, तिथं दोनपैकी कोणता दिवस द्यायचा हे पोलिसांशी बोलून ठरवावं. जोडी मात्र बदलू नये. सोडतीनंतर एक क्रमांक इकडचा तिकडे झाला, तर सगळ्या स्पर्धेवरचा विश्वास उडतो.

डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ९० मिनिटं, १५ मिनिटांचं मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून एका सामन्याला जवळपास ११० मिनिटं लागतात. दोन आणि चारच्या वेळा ठेवल्या, तर मधे जेमतेम दहा मिनिटं उरतात आणि पहिला सामना रेंगाळला की दुसऱ्याचा शेवट अंधारात होतो. दिव्यांची सोय नसेल तर पावणेदोन आणि पावणेचार या वेळा धराव्यात.

गुणतक्त्याचे नियम पहिल्या सामन्याआधी लिहून प्रत्येक संघाची सही घ्यावी. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये १२ क्लबांनी पहिली लीग सुरू केली, तेव्हा विजयाला २ गुण होते. बरोबरीवर समाधान मानण्याची सवय मोडावी म्हणून तिथं १९८१ पासून ३ गुण आले, विश्वचषकात १९९४ पासून. गुण समान झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग आपसातला निकाल, हा क्रम सोपा पडतो. पूर्वी केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत असत. त्या हिशेबानं ३ करून १ खाणारा संघ (सरासरी ३) २० करून ८ खाणाऱ्याच्या (सरासरी २.५) वर बसतो. खुल्या खेळाला शिक्षा देणारा तो प्रकार इंग्लंडनं १९७६ मध्ये सोडला, ते योग्यच झालं.

शेवटच्या फेरीची काळजी वेगळी. १९८२ च्या विश्वचषकात एकाच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया लढतीच्या आदल्या दिवशी संपला होता. पश्चिम जर्मनी १-० नं जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे जाणार, हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. पहिला गोल झाल्यावर दोघांनी वेळ काढला आणि अल्जीरिया बाहेर पडला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. एकाच मैदानावर ते शक्य नाही. म्हणून विजेतेपद किंवा घसरण ठरवणारे दोन सामने उरले, तर त्यातला एक त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर न्यावा आणि त्याची परवानगी हंगामाआधीच काढून ठेवावी.

संघानं मधेच माघार घेतली तर काय, हेही आधीच लिहावं. निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना ३-० अशी पुढे चाल. हा नियम नसेल, तर त्या संघाला आधीच हरवलेले आणि अजून न खेळलेले यांच्यात गुणांवरून वाद पेटतो, आणि तो मैदानावर मिटत नाही.