बोंडं फोडा, मग बोला

कापसावर संशोधन करणाऱ्या नव्या मुलामुलींना शेतकरी मेळाव्यात दहा मिनिटं मिळाली, तर आठ मिनिटं प्रयोगाची पद्धत सांगण्यात जातात. नागपूर जिल्ह्यातला कापूसवाला तोवर चहाकडे वळलेला असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

स्लाइड बाजूला ठेवा. गुलाबी बोंडअळीवर बोलायचं असेल तर शेतातून एक डोमकळी (अळीने पाकळ्या आतून बांधल्यामुळे न उमललेलं फूल) आणि वीस हिरवी बोंडं घेऊन जा. डोमकळीच्या पाकळ्या उकलून आतली अळी दाखवा. बोंडं मात्र स्वतः फोडू नका, समोर बसलेल्यांनाच द्या. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं, कारण बारीक अळी आत शिरली की छिद्र बुजून जातं. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे १० टक्के; नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय केला नाही तर तोटा होईल अशी मर्यादा, गाठली. टक्केवारी यापेक्षा सोपी करून सांगता येत असेल असं मला वाटत नाही. कामगंध सापळ्याचा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याचा) आकडाही इथेच सांगून टाका: सलग तीन रात्री, दर सापळ्यात दर रात्री आठ पतंग आले, तरी तीच पातळी गाठली.

स्वतःच्या कामाबद्दल दोनच वाक्यं, पण खरी. प्रयोग कुंडीतल्या झाडांवर झाला असेल तर ‘कुंडीत’ हा शब्द गाळू नका; कोरडवाहू काळ्या रानात तेच घडेल याची खात्री तुम्हालाही नसते.

पुढचा प्रश्न ठरलेला: “मंग फवारू का नाही?” याचं उत्तर घरूनच तयार करून न्या.