वणव्याच्या दिवसांत सहलीला: गाडीचं तोंड आधी रस्त्याकडे

मार्च ते मे इंदूरहून चोरल, जानापाव किंवा पचमढीला निघालात, तर सागाचा पाचोळा खडखडीत वाळलेला असतो. मोहाची फुलं वेचायला झाडाखाली लावलेली आगही कधी हाताबाहेर जाते. अशा वेळी अरुंद वाटेवर गाडी वळवण्यातच वेळ जातो.

१. पोहोचल्याबरोबर गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, पोहे-शेव नंतर. किल्ली चालवणाऱ्याच्याच खिशात, आत्याच्या पर्समध्ये नको.
२. धूर दिसला की सतरंजी, डबे तिथेच सोडा आणि निघा. रेंज मिळताच ११२ लावा.
३. पायी असाल तर चढावर पळू नका, आग चढणीला जास्त वेगाने धावते. वाऱ्याचा रोख बघून आगीच्या वाटेतून बाजूला सरका. डांबरी रस्ता, नांगरलेलं शेत गाठा. जळून पूर्ण विझलेली काळी जमीनही चालेल.
४. नायलॉनची ओढणी, जाकीट काढून टाका. वितळून कातडीला चिकटतं. सुतीच बरं.

एक मात्र सांभाळा: सावली दिसते म्हणून अरुंद घळीत शिरू नका. आग तिथून धुराड्यासारखी वर खेचली जाते.