गुटी कलम: साल काढल्यावर फांदी खरडायलाच हवी

गुटी कलम म्हणजे झाडावरच असलेल्या फांदीची साल गोल काढून तेथे मुळे फोडायची आणि मग ती फांदी कापून नवे झाड म्हणून लावायची. पेरू, डाळिंब आणि कागदी लिंबू यांची गुटी कलमे घरच्या बागेत सहज बांधता येतात. आंबा व काजू यांच्या फांद्यांना मुळे फुटणे अवघड असते, त्यामुळे त्यांच्यासाठी रोपावर काडी जोडून करायचे कोय कलम किंवा मृदकाष्ठ कलमच करावे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मृगाचा पाऊस स्थिरावला की गुटी बांधायला घ्यावी. अथणीकडील कमी पावसाच्या गावांत मातृवृक्षाला आधी भरपूर पाणी देऊन मगच बांधावी.

भरपूर फळणाऱ्या, निरोगी झाडाची साधारण वर्षभर जुनी, पेन्सिलीएवढी जाड आणि उन्हात वाढलेली फांदी निवडावी.

शेंड्यापासून एक ते दीड फुटावर, डोळ्याच्या (फांदीवरील अंकुराच्या) अगदी खाली, धारदार चाकूने अडीच ते तीन सेंटिमीटर अंतरावर दोन गोल काप घ्यावेत आणि त्यांमधील साल सोलून काढावी. पावसाळ्यात साल सहज सुटते. येथवर कोणालाही जमते. गुटी फसते ती पुढच्या पायरीवर, आणि मला स्वतःलाही हीच पायरी सर्वांत उशिरा जमली. अनेक ठिकाणी ‘साल काढा, शेवाळ लावा, बांधून टाका’ एवढेच सांगितले जाते. हा सल्ला अपुरा असून त्यामुळे अख्खा हंगाम वाया जातो.

साल निघाल्यावर उघड्या लाकडावरून बोट फिरवून पाहा. ते ओलसर, बुळबुळीत लागते. हा पातळ थर जिवंत असतो आणि नवी साल तयार करणे हेच त्याचे काम असते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते. वाट तुटली की ते वरच्या कापाशी साठते आणि तेथूनच मुळे फुटतात. पाणी मात्र आतील लाकडातून वर चढत राहते, म्हणून फांदी वाळत नाही. बुळबुळीत थराची एखादी उभी रेघ जरी मागे राहिली, तरी तिच्यावर नवी साल धरते, वरचा व खालचा काप जोडले जातात आणि अन्न पूर्वीप्रमाणे खाली जाऊ लागते. अशी गुटी बाहेरून हिरवीगार दिसते, पण दोन महिन्यांनी सोडली तर आत एकही मूळ सापडत नाही.

म्हणून चाकूची धार आडवी धरून सर्व बाजूंनी हलकेच खरडावे आणि स्वच्छ कापडाने पुसावे. बोटाला बुळबुळीतपणा लागेनासा होऊन लाकूड कोरडे, खरखरीत जाणवले की थांबावे. फांदीची मागची बाजू नजरेआड असल्याने तेथेच हयगय होते. ती फिरून जाऊन पाहावी. लाकडात मात्र खोल घाव घालू नये, नाहीतर फांदी वाऱ्याने मोडते.

मुळे फुटायला मदत करणाऱ्या आयबीए या संजीवकाची पूड मिळाल्यास ती फक्त वरच्या कापाच्या कडेला लावावी. खालच्या कडेला लावण्यात काहीच अर्थ नाही.

स्फॅगनम हे पाणी धरून ठेवणारे शेवाळ रात्रभर भिजवून घट्ट पिळावे. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत असेल तर ते अजून जास्त ओले आहे. वरचा काप मधोमध येईल असा मूठभर गोळा गुंडाळून पारदर्शक प्लॅस्टिकने झाकावा आणि दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. वरची गाठ अधिक घट्ट हवी, कारण जांबोटी-कणकुंबीकडच्या धो धो पावसात फांदीवरून ओघळणारे पाणी तेथूनच आत शिरते आणि शेवाळ कुजते. शेणखत घातलेल्या मातीचा गोळा बांधू नये. तो जड होतो आणि फांदी वाकवतो.

दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. पहिले मूळ दिसताच कापण्याची घाई करू नये. मुळे तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्यावेत. मग गुटीच्या खाली फांदीत अर्ध्यापर्यंत खाच घ्यावी आणि आठवड्याभराने ती पूर्ण कापावी. निम्मी पाने काढावीत, प्लॅस्टिक सोडावे, शेवाळ मात्र मुळांना तसेच ठेवून कलम पिशवीत लावावे. नवी पालवी जून होईपर्यंत ते सावलीत राहू द्यावे आणि शेतात पुढच्या मृगालाच लावावे.