शिवणकाम करताना हाताला मुंग्या येतात? या चुका टाळा

लग्नसराईत ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं एकदम अंगावर येतात. त्याच दिवसांत शिवणकाम करणाऱ्या कित्येक जणी रात्री-अपरात्री हात झटकत उठून बसतात. बोटं बधिर झालेली, तळहाताशी जळजळ, आणि सकाळी सुई बोटांत टिकत नाही. घरात निदान आधीच ठरलेलं असतं: अशक्तपणा, नाहीतर वात. पहिली चूक इथेच होते.

आधी कोणती बोटं बधिर होतात ते पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी ठणठणीत असेल, तर नस (रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी) बहुधा मनगटात दबते आहे. तिथे हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि ही नस जाते. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं की जागा अपुरी पडते आणि नस चेपते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून त्रास रात्री जास्त.

करंगळी बधिर होत असेल तर ती नस वेगळी, कोपरामागून जाणारी. मशीनच्या फळीवर कोपर टेकवून बसायची सवय आधी मोडा. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मान तपासून घ्या.

दुकानातून बी-१२च्या गोळ्या आणून महिनोन्महिने घेत राहणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. बी-१२ची कमतरता खरी असते, पण तिच्या मुंग्या सहसा पायांपासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना येतात. रक्त तपासा, मग गोळ्या घ्या. त्याच वेळी साखर आणि थायरॉइडही पाहून घ्या. दोन्हींमुळे हा त्रास होतो. गरोदरपणातही होतो, आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा ओसरतो.

क्रेप बँडेज आवळून बांधू नका, दाब आणखी वाढतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावा, तोही काही आठवडे नेमाने. दोन रात्रींत गुण येत नाही. बधिर बोटांना गरम पिशवीचा चटका कळत नाही, तेव्हा शेक जपून घ्या. मनगट रगडून चोळणं तर नकोच.

आता कामाकडे. बोथट कात्री हा हाताचा मोठा शत्रू. तिला धार लावून घ्या, आणि वेळ वाचवायला कापडाचे चार-चार थर एकदम कापू नका. टेबल इतकं उंच हवं की कापताना मनगट वाकणार नाही. सगळं कटिंग एकाच दिवशी उरकायची पद्धत सोडा: थोडं कटिंग, मग मशीन, मग हातशिलाई, असं काम फिरवत ठेवा. अर्ध्या तासाने कात्री खाली ठेवून बोटं मोकळी करा. ऑर्डरची घाई असते हे खरं, पण हात निकामी झाला तर पुढचा सगळा हंगाम जाईल.

बधिरपणा दिवसभर राहू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर थांबू नका. नसेची तपासणी करून डॉक्टर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया सुचवतील. त्या शस्त्रक्रियेला अनेक जणी घाबरतात. पण फार उशीर झाला तर नस सुटूनही ताकद पूर्ण परत येत नाही. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठा.

डॉक्टरांनी काम विचारलं की बऱ्याच जणी “काही नाही, घरीच असते” म्हणतात. तसं म्हणू नका. दिवसाला किती ब्लाउज शिवता, कात्री किती तास चालते, हे स्पष्ट सांगा.