ऑप्रीला जायचंय? आधी नावांची यादी वाचायला शिका

ग्रँड ओल ऑप्री म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला कंट्री संगीताचा जुना कार्यक्रम. त्याचं तिकीट काढण्याआधी एक समजूत डोक्यातून काढून टाका: हा कुणा एकाचा कार्यक्रम नसतो. आम्ही नॅशव्हिलजवळ राहतो, त्यामुळे पुण्या-नाशिकचे पाहुणे वर्षभर येत असतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, "आज कोणाचं आहे?" माझं उत्तरही ठरलेलं, "सगळ्यांचं थोडं थोडं." साधारण दोन तासांत सात-आठ कलाकार येतात. प्रत्येक जण दोन-तीन गाणी म्हणतो आणि जातो. मध्ये जाहिराती, एखादा विनोदवीर, कधी स्क्वेअर डान्सवाली मंडळी. मैफल म्हणून गेलात तर चुटपुट लागेल. हा रेडिओचा कार्यक्रम आहे आणि तुम्ही त्याच्या थेट प्रक्षेपणाला बसलेले श्रोते आहात, असं समजून जा.

रेडिओचा म्हणजे अगदी जन्मापासून. २८ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री डब्ल्यूएसएम या केंद्रावर सत्तरी ओलांडलेले अंकल जिमी थॉम्प्सन फिडल (व्हायोलिन) घेऊन बसले आणि 'जॉर्ज हे' नावाच्या निवेदकाने श्रोत्यांकडून फर्माइशी मागवल्या. केंद्र होतं एका विमा कंपनीचं. शंभर वर्षं उलटली, केंद्र अजून ६५० एएमवरच आहे आणि कार्यक्रमही चालूच आहे. २०२० च्या साथीत प्रेक्षकांना दारं बंद होती, तरी शनिवारचं प्रसारण थांबलं नाही.

आता यादीकडे वळू. संकेतस्थळावर प्रत्येक तारखेखाली नावं दिसतील. ती एकदम सगळी येत नाहीत. तारीख जवळ येईल तशी भर पडत जाते. या नावांत दोन जाती असतात, सदस्य आणि पाहुणे कलाकार. कोण कुठल्या जातीचा हे कळलं की अर्धं काम झालं.

सदस्य हा पुरस्कार नव्हे. मानाचं कायमस्वरूपी दालन हवं असेल तर गावात कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम आहे. तिथे एकदा नाव लागलं की लागलं. ऑप्रीचं सदस्यत्व म्हणजे गळ्यात घातलेली माळ: घातली की वारी चुकवायची नाही. अर्ज करून ते मिळत नाही, व्यवस्थापन बोलावतं. किती रेकॉर्डी खपल्या एवढंच बघत नाहीत, माणूस इथे येऊन उभा राहणार का हेही बघतात. १९६३ साली नियम केला होता की सदस्याने वर्षातून किमान २६ वेळा हजेरी लावायची. पुढच्याच वर्षी तो आकडा २० वर आणला, २००० मध्ये १२ वर. कारण उघड आहे. शनिवारची रात्र म्हणजे गावोगावच्या दौऱ्यांत सगळ्यात जास्त बिदागीची रात्र, आणि ऑप्री देते ते युनियनच्या दराने, म्हणजे तुलनेने किरकोळ. शनिवार इकडे देणं म्हणजे पदरचे पैसे सोडणं.

हजेरीचा हा हट्ट किती जुना आहे ते हँक विल्यम्स या गाजलेल्या कंट्री गायकावरून कळतं. ११ जून १९४९ ला तो पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी त्याला सहा वेळा परत बोलावलं, असं सांगतात. ऑगस्ट १९५२ मध्ये त्याच हँकला काढून टाकलं: दारू, आणि वेळेवर न येणं. १ जानेवारी १९५३ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, तो गेला. त्याचं सदस्यत्व परत करावं म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली, पण ऑप्री काही बधली नाही. मला ते कठोर वाटतं, पण त्यांचा हिशोब सरळ आहे: जो येऊ शकत नाही तो सदस्य कसला? अर्थात नियम सगळ्यांना सारखाच लावतात असंही नाही. प्रसिद्ध गायिका डॉली पार्टन १९६९ पासून सदस्य आहे, पण इथे क्वचितच दिसते. त्या भरवशावर तिकीट काढाल तर पस्तावाल.

आमच्याकडे येणारे पाहुणे पुष्कळदा विचारतात ती नावंही इथेच निकालात काढते. एल्विस प्रिस्ली इथे एकदाच गायला, २ ऑक्टोबर १९५४ ला, आणि लोकांना फारसा रुचला नाही. टेलर स्विफ्ट या मंचावर गायली आहे, सदस्य नाही.

सदस्यत्वाचं बोलावणं कसं येतं ते बघण्यासारखं असतं. बहुतेक वेळा भर कार्यक्रमात एखादा सदस्य अचानक मंचावर येतो आणि माइकसमोरच विचारतो. कॅरी अंडरवुडला २००८ मध्ये रँडी ट्रॅव्हिसने असं गाठलं. डॅरियस रकरच्या वेळी, २०१२ मध्ये, गंमतच केली. प्रेक्षकांचे प्रश्न घ्यायचं निमित्त काढलं होतं, आणि प्रश्न विचारायला प्रेक्षकांतून उठला ब्रॅड पेस्ली. पुढे वेगळ्या रात्री रीतसर समारंभ होतो. ज्या तारखेपुढे असा सदस्यत्वाचा समारंभ लिहिलेला दिसेल ती तारीख डोळे मिटून घ्या.

समारंभाची रात्र नाही मिळाली तर माझी निवड अशी. यादीत निदान एक जुना सदस्य हवा. बिल अँडरसन १९६१ पासून सदस्य आहेत. असं नाव दिसलं तर दुसरं काही बघू नका. जीनी सीली १९६७ मध्ये सदस्य झाल्या आणि पाच हजारांहून जास्त वेळा या मंचावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या गेल्या. एवढ्या हजेऱ्या दुसऱ्या कोणाच्या नाहीत. म्हणून म्हातारं नाव दिसलं की पुढच्या खेपेला बघू म्हणू नका. दुसरं, यादीत कोणाचं पदार्पण आहे का बघा. पहिल्यांदा येणारा पोरगा किंवा पोरगी मंचावरच्या लाकडी वर्तुळाशी येते, खाली बघते, आणि सूर लावायच्या आधीच घसा दाटतो. आईवडील खाली कुठेतरी बसलेले असतात. माझ्या सासूबाईंना इंग्रजी बेताचंच कळतं, गाणं तर त्याहून कमी, पण अशा एका मुलीच्या वेळी त्यांनी पर्समधून रुमाल काढलेला मी पाहिलाय. तिसरं, एखादा ब्लूग्रासचा, म्हणजे तारवाद्यांवरच्या जलद लोकसंगीताचा, संच. बँजो आणि मँडोलिन समोरासमोर ऐकणं आणि फोनवर ऐकणं यात फार फरक आहे.

त्या वर्तुळाचं सांगायला हवं. १९४३ ते १९७४ ऑप्री शहराच्या मध्यात रायमन सभागृहात होत असे. मूळची ती प्रार्थनेची जागा, म्हणून बसायला बाकं. मार्च १९७४ मध्ये नव्या ऑप्री हाउसमध्ये गेले तेव्हा रायमनच्या मंचातून सहा फूट व्यासाचा ओकचा गोल कापून नव्या मंचात बसवला. गायक उभा राहतो तो त्यावर. मे २०१० च्या पुरात मंचावर जवळपास चार फूट पाणी होतं. तो गोल वाचला, दुरुस्त केला, आणि सप्टेंबरअखेर ऑप्री हाउस पुन्हा सुरू झालं तोवर परत जागेवर आला होता. पाठीमागच्या भागाची सहल घेतलीत तर त्यावर उभं राहून फोटो काढता येतो. सहलीत सदस्यांच्या टपालपेट्याही बघा, प्रत्येकाच्या नावाची एक. मला तर त्या वर्तुळापेक्षा त्या पेट्या जास्त आवडतात. इथे येणं-जाणं असलेल्या माणसाचंच टपाल इथे येणार ना!

यादी वाचताना कोण नाही हेही वाचा. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री, ऑपेराच्या संगीताच्या कार्यक्रमानंतर, डिफर्ड बेली या कृष्णवर्णीय वादकाने माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब काढली, आणि त्याच कार्यक्रमात निवेदक जॉर्ज हे यांनी ऑपेरावरूनच गमतीने 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव उच्चारलं. म्हणजे बारशालाच बेली हजर. १९४१ मध्ये त्याला काढलं आणि पुढे त्याने बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं. कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड सदस्य झाला तो थेट १९९३ मध्ये, तोवर त्याच्या नावावर डझनावारी अव्वल गाणी होती. सहलीत हा भाग निघालाच नाही तर वाटाड्याला विचारा.

आता व्यवहाराचं. तिकिटावर जागा नीट वाचा. एरवी कार्यक्रम ऑप्री हाउसला असतो, ऑप्री मिल्स मॉलच्या शेजारी, शहराच्या मध्यापासून गाडीने वीसेक मिनिटं. पण हिवाळ्यात काही दिवस तो रायमनला जातो. रायमनची बाकं कडक आहेत. कंबरदुखी असेल तर ऑप्री हाउसच बरं. बाकं तिथेही आहेत, पण गादीची. आत एसी सणसणीत, शाल ठेवा. जाहिराती लागल्या म्हणून उठून जाऊ नका. निवेदक बाजूच्या टेकणीशी उभा राहून पिठाची जाहिरात वाचतो, आणि त्याच अर्ध्या मिनिटात मागे एक संच तारा सोडवतो, दुसरा जोडतो, कोणी गिटार सुरात लावतो, कोणी येणाऱ्याची पाठ थोपटतो. पडदा बहुतेक उघडाच असतो. आमच्या घरची मुलं गाण्यांपेक्षा हेच टक लावून बघतात.

आणि येणं जमणारच नसेल तर घरी ऐका. डब्ल्यूएसएमचं प्रसारण इंटरनेटवर लागतं. शनिवारी संध्याकाळी सातचा कार्यक्रम म्हणजे भारतात रविवारी पहाटे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून मार्चपर्यंत साडेसहा.